गोठ्यातलं बटण

वेणूबाईंच्या गोठ्यातला बोर्ड उघडला आणि वायरमन कमलेशने कपाळाला हात लावला.

"काकी, ही वायरिंग कोणी केली? अर्थिंग नाय, जोडाला टेप नाय. नशीब समजा, अजून कोणाला शॉक नाय बसला."

"आमच्या ह्यांनीच. वायरमन बोलवा म्हटलं की फणफणायचे. मला काय येत नाय का, म्हणायचे."

"आणि हे बघा, बटण दाबायचं गोठ्यात, दिवा लागतो तुमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर! उलटंच जोडलंय. सगळं काढावं लागेल."

"काढ रे बाबा," वेणूबाई म्हणाल्या. नवरा नाथा गेला तशा म्हशीही विकल्या होत्या, आता गोठ्यात नातवंडं खेळत होती.

कमलेशने पक्कड उचलली, तशी त्यांनी त्याला थांबवलं. "मी घरात जाते. मग एकदाच ते बटण दाब. त्यानंतर तोड."

ओट्यावरचा पिवळा दिवा लागला. वेणूबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला, पातेलं गॅसवर ठेवलं आणि मागच्या दारातून गोठ्याकडे नेहमीसारखी हाक दिली,

"अहो, झाली ना धार काढून? या, चहा टाकलाय."