हातात बसेल तो कॅमेरा

पुंजारामने काउंटरवरच्या मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि दुकानदाराच्या आधी स्वतःच बोलायला लागला. मेगापिक्सल किती, सेकंदाला फोटो किती निघतात, अंधारात कसा चालतो, सगळं त्याला तोंडपाठ होतं. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत सध्या तो मोबाईलवर दुसरं काही बघतच नव्हता.

"दादा, एवढं तर मला पण ठाऊक नाय," दुकानदार दर्पणशेठ हसून म्हणाला.

कॅमेरा हवा होता त्याच्या बायकोला. सुगंधा सरावली गावातल्या हळदी-बारशांचे फोटो काढायची. मागल्या वर्षी कारखान्यात कामावर असताना प्रेस मशीनने तिच्या उजव्या हाताची चार बोटं नेली, तेव्हापासून तिचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. आता शेजारची प्रियदर्शिनी हट्टच धरून बसली होती, "मावशी, माझ्या हळदीचे फोटो तुमीच काढायचे." सुगंधा हो म्हणून बसली होती. आणि हळद आज दुपारीच होती. बायको पुन्हा कॅमेरा धरणार, तर तो अख्ख्या बोईसरात कुणाकडे नसेल असा हवा, हे पुंजारामने ठरवून टाकलं होतं.

सुगंधाने तो मोठा कॅमेरा डाव्या हातात घेतला, खालून उजव्या तळव्याचा आधार दिला. बटण उजवीकडे होतं. कुठल्याही कॅमेऱ्याचं ते उजवीकडेच असतं. डावं बोट लेन्सवरून आडवं ताणून तिने ते दाबलं. फोटो हलला.

"सवय होईल," पुंजाराम म्हणाला.

"लोकांची हळद माझ्या सवयीसाठी थांबती व्हय?"

"ताई, तिपाईवर लावला तर?" दर्पणशेठने विचारलं.

"नाचणाऱ्या बायांच्या मागं तिपाई घेऊन कुठं पळू?"

तिने मोठा कॅमेरा ठेवला आणि खालच्या फळीवरचा एक लहानसा मागितला. पुंजारामचा चेहरा पडला.

"अगं, त्याचे आकडे लई कमी हायत."

"आकडे तुमी बघितले ना? आता मला हात बघू द्या."

तिने कॅमेरा डाव्या हातात घेतला आणि सरळ उलटा केला. डोकं खाली, पाय वर. उजवीकडची मूठ आता डावीकडे आली. ती तिने पकडली, तर बटण नेमकं करंगळीखाली आलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा शिल्लक होता. तो आणि तळवा यांच्या चिमटीत लेन्स धरून तिने झूम पुढंमागं करून बघितला. स्क्रीनवर दुकान सुलटंच दिसत होतं.

"ताई, उलटा धरलात," दर्पणशेठ म्हणाला.

"माहीत हाय."

तिने तो पुंजारामवर रोखला. करंगळी हलली. बारीक आवाज झाला.

कॅमेरा सरळ करून तिने त्याला फोटो दाखवला. पडद्यावरचा पुंजाराम डोक्यावर उभा होता, पण मिशीतला पांढरा केसही स्पष्ट दिसत होता. फोटो जराही हलला नव्हता.

"उलटाय की," तो हळूच म्हणाला.

"मोबाईलमधी फिरवायचा. ते काय, घरी बसून निवांत करता येतं." मग दर्पणशेठकडे वळून ती म्हणाली, "हाच द्या."

पुंजारामने एकवार मोठ्या कॅमेऱ्याकडे बघितलं. मग बायकोच्या करंगळीकडे बघितलं, आणि खिशातून पैसे काढले.

दुपारी मांडवात हळद उधळली जात होती. सुगंधा बायांमधून वाट काढत कधी पाटाजवळ बसत होती, कधी खुर्चीवर चढत होती. पुंजाराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. प्रियदर्शिनी हळदीने माखलेल्या तोंडाने खळखळून हसली आणि ते हसू संपायच्या आत सुगंधाच्या करंगळीने दोनदा बटण दाबलं. ते फक्त त्याच्याच ध्यानात आलं. त्याने उगाचच शर्टाची कॉलर नीट केली.

मग घरच्यांचा एकत्र फोटो ठरला. नवरीचे मामा बळवंतराव, फेटा बांधलेले, मधोमध उभे राहिले. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुंजारामला खूण करून जवळ बोलावलं.

"पाव्हणं, बाईंनी कॅमेरा उलटा धरलाय. सांगा की त्यांना."

पुंजारामने त्यांच्या फेट्याचा सुटलेला शेमला नीट खांद्यावर टाकला.

"कॅमेरा बरोबर हाय, मामा," तो म्हणाला. "तुमी तेवढं सरळ उभं राहा."