पांढरं छप्पर

माळ्यावर पुन्हा काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. एलेरीनं मांडीवरच्या छोट्या माब्लीला जवळ घेतलं.

"ऐकलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "शेजारचे इद्वलकाकाच आहेत. आपली लोकर पळवतायत."

"पोलिसांना काय सांगू?" गेथिन हसला. "मेंढ्या आल्या आणि आपलं आपलं घेऊन गेल्या?"

एलेरी हसली नाही. वेल्समधल्या खाणकामगारांच्या त्या जुन्या रांगेत घरं वेगळी, पण माळा सलग. मध्ये भिंतच नाही. माब्लीची छाती भरली होती. डॉक्टरांनी खोली उबदार ठेवायला बजावलं होतं. म्हणून गेथिननं तिच्या खोलीच्या वर, माळ्याच्या जमिनीवर, ऊब धरून ठेवायला मेंढीच्या लोकरीचे पट्टे अंथरले होते. जेमतेम एक थर पुरला.

आणि पुरावा तर बाहेरच होता. बर्फ पडला की या गल्लीत सगळे एकमेकांची छपरं बघतात. ज्याची ऊब वर निसटते, त्याचा बर्फ आधी वितळतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या इद्वलच्या छपरावरचा बर्फ सगळ्यांआधी वितळून खालचं काळं छप्पर उघडं पडलं होतं. यंदा अख्ख्या रांगेत तेच पांढरंशुभ्र.

सकाळी तिनं त्याला दारातच गाठलं.

"यंदा घर छान उबदार झालेलं दिसतंय, काका."

"चाललंय," तो नजर चुकवत म्हणाला. "छकुली अजून खोकते ना? भिंतीतून ऐकू येतं."

"आम्हालाही वरून बरंच ऐकू येतं."

"उंदीर असतील गं," म्हणत त्यानं दार लावून घेतलं.

उंदीर! दुपारी माब्लीचा डोळा लागताच एलेरी बॅटरी घेऊन शिडी चढली. आज मुद्देमालासकटच पकडायचं.

माब्लीच्या खोलीवर लोकर गुडघाभर होती. खाली त्यांचा एक थर, वर जुने, धुळकट पट्टे. ती वाकून इद्वलच्या बाजूला गेली. तिथं नुसत्या उघड्या तुळया. त्याच्या माळ्याची झडप उघडीच होती. खालच्या खोलीतून गार हवा तोंडावर आली. पलंगावर गादीसुद्धा नव्हती.

"कोण, एलेरी?" स्वयंपाकघरातून इद्वलचा आवाज आला. "हळू चाल गं, पोर उठेल! मी आता इथं चुलीपाशीच झोपतो, वरच्या खोल्या तापवून काय करू? कोपऱ्यात माझ्या लोकरीचा शेवटचा पट्टा राहिलाय बघ. आलीच आहेस तर ने ओढून, माझी कंबर धरलीय."