बोट ठेवलं ती शीव

"यात आमची वस्ती नाही," नेहा म्हणाली.

सरपंच जयसिंगच्या मोबाइलवर नव्या कमानीच्या फलकाचा मजकूर होता. वर ठळक अक्षरात, 'गाव वसवणारी घराणी'. खाली बावीस आडनावं. चाकणला कंपन्या आल्यापासून गावात भाडेकरू जास्त आणि गावकरी कमी झाले होते. आपण कोण, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कमानीपाशीच कळलं पाहिजे, असं जयसिंगचं म्हणणं. मजकूर तपासायला बौद्धवस्तीतल्या नेहाकडे आणला होता, कारण ती मराठीची एम.ए.

"वहिनी, तुम्ही भाषा तेवढी बघा," तो हसत म्हणाला. "इतिहास आमच्याकडं हाय."

नेहानं वाद न घालता मोबाइल परत दिला. तिच्या मुलीचा, अंजलीचा, पहिलीचा प्रवेश जयसिंगच्याच संस्थेच्या शाळेत अडकला होता. दुसरी चांगली शाळा हायवेपलीकडे, कंटेनरच्या रांगा ओलांडून. त्या रांगा नेहाच्या स्वप्नातही यायच्या.

जयसिंगचं खरं काम तिच्या सासूकडे, कस्तुराबाईंकडे, होतं. कमानीखाली त्याला शिवेचा जुना दगड बसवायचा होता. माळावर गोदामं आणि भंगारची दुकानं झाल्यापासून तो कुठं गेला ते गावात कुणालाच सांगता येईना. कस्तुराबाईंचे सासरे गावचे येसकर, वेस आणि शीव राखणारे. पूर्वी हद्दीचा तंटा निघाला की त्यांनाच बोलावणं यायचं.

"जुनी रीत हाय, मावशी. तुमच्या माणसानं बोट ठेवलं, ती शीव. मग कुणी शंका घ्यायची न्हाई."

कस्तुराबाईंनी सोलायला घेतलेला लसूण बाजूला सारला. नातीकडे एकदा पाहिलं. "चल. दावते."

त्या पुढे, जयसिंगची माणसं मागे, त्यामागे जेसीबी. अंजलीला कडेवर घेऊन नेहाही निघाली. शिवेचा दगड कंपनीच्या भिंतीला लागून बाभळीखाली आहे, असं तिच्या नवऱ्यानं, समाधाननं, तिला कितीदा सांगितलं होतं. कस्तुराबाई बाभळीवरून तशाच पुढे गेल्या. ट्रकच्या वजनकाट्यामागे, बुजवलेल्या विहिरीपाशी थांबल्या. तिथं एक चपटा काळा दगड अर्धा मातीत रुतला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"आई, हा तो नाही," नेहा त्यांच्या कानाशी लागली.

"गप ऱ्हा."

रविवारी दगड कमानीखाली बसला. न्हाऊमाखू घातलेला, हळदकुंकवानं भरलेला. बायकांनी ओवाळलं. जयसिंगनं नारळ फोडला आणि दगडावर डोकं टेकवलं. त्याच्यामागे अख्ख्या गावानं टेकवलं. नव्वदीचे लक्ष्मणराव तेवढे जवळ येऊन थबकले. दगडाकडे बघत राहिले, मग टोपी सारखी करत मागे सरले. नेहानं ते पाहिलं आणि ती सासूजवळ सरकली.

"आता मावशी दोन शब्द बोलतील," जयसिंगनं पुकारलं.

नेहानं सासूच्या पदराला हिसका दिला. "आई, नुसतं धन्यवाद म्हणा. अंजलीच्या शाळेचं बघा जरा."

"तिचंच बघतीय," म्हणत कस्तुराबाईंनी माइक घेतला.

"मी नवी नवरी हुते. ह्याच दगडापाशी घागर घेऊन बसायची. हितनं पुढं इहिरीकडं जायची आमाला बंदी. कुनाला दया आली तर वरनं पानी वतायचं. एकदा सकाळपास्नं उनं उतरस्तवर बसले. रिकामीच घागर घेऊन घरी गेले." त्यांनी धाप टाकली. "शिवेचा दगड न्हवं ह्यो. आमचा बसायचा दगड हाय."

ताशा मध्येच थांबला.

"म्हातारीला भ्रम झालाय!" कुणीतरी ओरडलं.

"भ्रम न्हाई," लक्ष्मणराव खाली बघत म्हणाले. "माझी आईच पानी वतायची. कदी वतायची, कदी न्हाई."

जयसिंगच्या कपाळावरचा गुलाल घामानं ओघळला. त्यानं जेसीबीवाल्याला हात केला. "उचल रे तो! फेक न्हेऊन!" मग नेहाजवळ येऊन आवाज उतरवला. "वहिनी, मावशींना घरी न्या. पोरीचा फॉर्म माझ्याच टेबलावर हाय, ध्यानात ठेवा."

जेसीबी घरघरला. नेहानं कमानीवरच्या फलकाकडे पाहिलं. हायवे, कंटेनर, फॉर्म, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आणि फलकावरची ती बावीस आडनावं. उद्या अंजलीला वाचता येऊ लागेल. रोज याच कमानीखालून जाईल आणि आपलं नाव शोधेल.

तिनं अंजलीला उचललं आणि हळदकुंकवानं माखलेल्या दगडावर बसवलं. जेसीबीचा दात हवेतच थांबला. अंजलीनं मजेत पाय हलवले.

नेहानं सासूच्या हातातून माइक घेतला.

"रीत तुम्हीच सांगितलीत, दादा. आमच्या माणसानं बोट ठेवलं, ती शीव. आता कुणी शंका घ्यायची नाही."