तीन हात पॉलिश

"लटक आता," बाबा म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी माझ्या सरावासाठी सागवानी फळी ठोकली होती. क्लायंबिंगच्या निवड चाचणीला नऊच दिवस उरले होते आणि माझी बोटं अजून कच्ची होती.

मी फळीच्या खाचेत बोटं अडकवली. एक, दोन, घसरले. हात पुसले. एक, दोन, तीन, घसरले. खडूची पूड चोळली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. एक, दोन.

"जेवत नाहीस नीट."

"फळी गुळगुळीत आहे, बाबा."

"असणारच. तीन हात पॉलिश मारलंय. चाळीस वर्षांच्या सुतारकीत माझ्या कामाचं कुसळ कुणाच्या बोटात गेलेलं नाही."

मी पुन्हा फेऱ्या मारू लागले. बाबांनी बाह्या वर सारल्या, स्वतः लटकले आणि लगेच घसरून खाली बसले.

ते उठले. मग हत्यारांच्या पेटीतला सगळ्यात खरखरीत काचपेपर काढून आपलंच पॉलिश घासू लागले, तोंड दुसरीकडे वळवून.

मी लटकले. नऊ, दहा, अकरा. बोटं सुटत नव्हती.

"कुणी विचारलं तर फळी विकत आणली म्हण," बाबा म्हणाले.