टाचेतली गाठ

गुणाबाईंनी पूजा आटोपली आणि परवाच पुरा झालेला मोजा पंज्याकडून उसवायला घेतला. तिसऱ्यांदा. बाकी सगळं जमत होतं, टाच तेवढी मनासारखी उतरत नव्हती. दर ओळीला शेवटचा टाका सोडून अलीकडूनच मागे वळायचं, आणि टाच खोलगट झाली की सोडलेले टाके एकेक करून परत विणत यायचं. पण वळणावर हमखास भोक राहायचं. या खेपेला ते त्यांनी आतून गाठ मारून बुजवलं होतं.

"माय, मोज्याच्या आतली गाठ कोन पाह्यते वं?" लेक रोशनी हसली. "जिवतीच्या बजारात तयारच भेटते न मोजे."

"त्याइले आतून शिवन असते," गुणाबाई म्हणाल्या.

ओसरीवर बसलेल्या बापूजींना राहवलं नाही. "राहू दे न वं. काल दिवसभर घालून फिरलो मी. जराबी टोचलं नाई."

गुणाबाई उठल्या. नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी टाच रोशनीकडे वळवली. गाठीच्या जागी पाण्यानं भरलेला टपोरा फोड होता.

बापूजींच्या महारोगाच्या गोळ्या संपून वर्ष झालं होतं, रोगही गेला होता. तळपाय मात्र अजून बधिरच होते.

गुणाबाईंनी फोडावर धुतलेलं फडकं बांधलं आणि सुया हातात घेतल्या.

"टोचते म्हना एक डाव," त्या हळूच म्हणाल्या, "गावभर गूळ वाटीन मी."