शमशोनचा उपास

डॉक्टरांनी शमशोनचा जबडा उघडून आत टॉर्च मारला. दात ठीक, जीभ ठीक, ताप नाही. वाडग्यात दूधभाकर होती, वर उकडलेलं अंडं होतं, आणि हे कुत्रं त्याकडे नुसतं बघत लाळ गाळत बसलं होतं. डॉक्टर चक्रावले.

"कधीपासून?"

"सोमवारपासून," करुणा म्हणाली. "आज गुरुवार. काळीज आनलं, त्येबी शिवंना."

तिचा नवरा शांतवन सुप्याहून मिळेल ती एसटी पकडून पुणतांब्याला आला होता. खांद्यावरची बॅगसुद्धा त्याने उतरवली नव्हती. सोमवारीच तो तिकडच्या कारखान्यात कामाला लागला होता. पहिल्याच आठवड्यात रजा मागायची, तीही कुत्र्यासाठी, म्हणून त्याने साहेबाला 'घरचं माणूस आजारी आहे' असं सांगितलं. हे खोटं आहे असं त्याला मुळीच वाटलं नाही.

गावात कुत्री पुष्कळ, पण वळण असलेलं कुत्रं एकच. दोन महिने खपून शांतवनने ते लावलं होतं. वाडगं पुढ्यात आलं तरी घरच्यांची प्रार्थना संपून 'आमेन' कानावर पडेपर्यंत तोंड घालायचं नाही. मुलीला, सुवार्तालाही, हाच नियम. रविवारी चर्चबाहेर तो चारचौघांना ऐकवायचा, "लेकरू असो का कुत्रं, घरात एकदा रेघ मारली की मारली."

"आजार काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "मालक लांब गेला, त्यानं मनाला लावून घेतलंय. पण आज पोटात काही गेलं नाही, तर अवघड आहे."

शांतवन घाबरला. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपल्या आठवणीनं निदान एक जीव तरी वाळला. बायको आणि लेक होत्या तशाच गुटगुटीत होत्या.

तो शमशोनसमोर मांडी घालून बसला. बरगड्यांवरून हात फिरवताना त्याचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले.

"प्रभू, मुका जीव आहे. याला वाचव. आमेन."

शब्द पुरता संपायच्या आत शमशोनचं तोंड वाडग्यात होतं. अंडं गेलं, दूधभाकर गेली, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं काळीजही गेलं. मग तो रिकामं वाडगं चाटत अंगणभर ढकलत फिरू लागला.

"बघा! मालकच हवा होता त्याला," डॉक्टर हसले.

शांतवनही कौतुकाने हसत घरच्यांकडे वळला. करुणा पदराचं टोक निरखत होती. सुवार्ता लिंबाच्या झाडावर काहीतरी शोधत होती. त्याचं हसू ओसरलं.

"सोमवारपासून या घरात जेवायच्या आधी कुनी प्रार्थनाच केली न्हाई?"

"टीव्हीम्होरं ताटं घेतो ना पप्पा," सुवार्ता पुटपुटली. "मग ऱ्हाऊन जातं."

शांतवन ताडकन उभा राहिला. आता तो घर डोक्यावर घेणार, एवढ्यात करुणाने मान वर केली.

"अन् तुमी? तिकडं कॅन्टीनात रोज करता व्हय?"

अर्ध्या तासाची सुट्टी, ताटांची रांग, बाकावर टेकायच्या आधीच तोंडात कोंबलेला घास. सोमवारपासून एकदाही नाही. शांतवनला आपलीच लाज वाटली. ओरडायला भरून घेतलेला श्वास त्याने मुकाट्याने सोडून दिला.

खाटेवर त्याची म्हातारी आई, झुंबरबाई, बसली होती. ती उठली, शमशोनजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"घरात पक्का ख्रिस्ती म्हनावा असा ह्यो एकच," ती म्हणाली, "आन् त्यालाच आपन चार दिस उपाशी ठिवला."