नवमीची सवाष्ण

“ताई, तुमी सवाष्ण हायेत ना?”

पुष्पावती बुफेच्या टेबलापाशी रिकामं ताट घेऊन उभी होती. तिने वळून पाहिलं. मागे हिरव्या साडीतली एक तरुण बाई होती. सहावा-सातवा महिना असावा. तिची नजर पुष्पावतीच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर होती.

“का हो?”

“आज अविधवा नवमी. माझ्या सवतीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचीय. माहेरी मिरजगावला घालणार हुते, तर परवा चुलता वारला. घरात सुतक, तिथलं अन्न चालंना. आता सुरतेला निघालोय, तर हितं गाडी पंक्चर. हे गॅरेजवर थांबलेत. म्हनलं, दुपार टळायच्या आत हितंच उरकू. बसता का?”

पुष्पावती दर रविवारी इथे येई. माळीवाडा स्टँडमागच्या या शाकाहारी हॉटेलाने नुकताच बुफे सुरू केला होता. आपलं आपण वाढून घ्यायचं, हवं तिथे बसायचं. ‘एकट्याच का?’ असं विचारायला वेटर येत नसे. केडगावच्या खोलीत कितीही लहान कुकर लावला तरी भात उरायचा आणि संध्याकाळी तोच पुन्हा समोर यायचा.

“तुमची सवत...”

“मला द्यायच्या आधीच वारलेली. मी बघितलीबी न्हाई.” त्या मुलीने पोटावर हात ठेवला. “दोन डाव पोटातलं गेलं माझ्या. शेजारीन म्हनली, जयमाला, सवतीला कधी जेवू घातलंस का? हे म्हनतात असलं काय नसतं. ह्या डावाला मी ऐकलं न्हाई.”

असलं काही नसतं, असं पुष्पावतीलाही वाटत होतं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. पण समोरची मुलगी घाबरलेली होती, आणि ती भीती खरी होती.

अडचण वेगळीच होती. आपण सवाष्ण आहोत की नाही, हे पुष्पावतीलाच ठाऊक नव्हतं.

श्रीरामपूरला संसार असताना तिचा नवरा एका सकाळी मुंबईला काम बघतो म्हणून गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. त्याची वाट बघत सासू-सासरे एकामागोमाग गेले. ती बदली घेऊन नगरला आली. भाऊ म्हणायचा, “सात वर्षांनी कायदासुद्धा माणूस मेला असं धरतो. तू किती दिवस धरून बसणार?” ती म्हणायची, “पुराव्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही, दादा.” पण रोज कुंकू लावताना बोट कपाळाजवळ क्षणभर थांबे. तो आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. परत यावा, असं मागायचं तिने कधीच सोडलं होतं.

“माझे मिस्टर इथे नसतात,” ती म्हणाली.

“नसंनात. हायेत ना?”

न दिसलेलं निरीक्षण लिहू नका, असं ती प्रत्येक प्रॅक्टिकलला मुलींना बजावत असे.

“आहेत,” ती म्हणाली.

जयमालाने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, तिला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः वाढायला गेली. काउंटरवरचा मॅनेजर पुढे आला.

“वहिनी, सेल्फ सर्व्हिस आहे. ज्याचं त्याने घ्यायचं.”

“सवाष्ण सोताच्या हातानं वाढून घेती व्हय? तुमच्या आईनं हेच शिकवलं का?”

मॅनेजर मागे झाला.

“खीर हाय, दहीवडा हाय,” जयमाला ताट मांडत म्हणाली. “अळूवडी न्हाई. तिच्या जागी ते मंचुरियन का काय ते ठिवलंय. चालंल ना तिला?”

“चालेल,” पुष्पावती हसून म्हणाली.

“खावा सावकाश. काय लागलं तर मी हाय.”

असं कोणी समोर बसून ‘आणखी घ्या’ म्हटल्याला फार वर्षं झाली होती. पुष्पावतीने दोनदा खीर घेतली. भूक नव्हती, तरी घेतली.

“मिस्टर बाहेरगावी, मग भांडता कुनाशी?” जयमालाने विचारलं.

“कुणाशीच नाही.”

“अगं बाई! मग जेवान पचतं कसं? आमचे हे तर भांडलं की उपाशी बसत्यात. मग मीच रडून जेवू घालते.”

दोघी हसल्या. जेवण झाल्यावर जयमालाने पिशवीतून खण-नारळ काढून तिची ओटी भरली, कुंकू लावलं आणि अवघडलेल्या अंगाने कशीबशी वाकली. पुष्पावतीने तिला दोन्ही हातांनी सावरलं.

“अखंड सौभाग्यवती हो,” ती म्हणाली. “या वेळी बाळ तुझ्या मांडीवर खेळेल.” आणि आशीर्वादावर विश्वास नसलेल्या पुष्पावतीला तो अगदी मनापासून द्यावासा वाटला.

“आता एकच ऱ्हायलं. तिचं नाव घेऊन पानी सोडायचं असतं, आन् तेच मला ठाव न्हाई.”

“नावच ठाऊक नाही?”

“इचारलं की हे उठून जातात. लई जीव असंल तिच्यावर.” जयमालाने दाराकडे पाहिलं. “आलेच बघा. आज मातर सोडत न्हाई.”

ग्रीसने काळे झालेले हात फडक्याला पुसत एक माणूस टेबलांमधून येत होता.

“अहो, ह्या बघा सवाष्ण. पाया पडा, आन् आज तरी सांगा तिचं नाव.”

पुष्पावतीने मान वर केली. त्याचे हात पुसायचे थांबले.

“पुष्पावती,” तो म्हणाला.

जयमालाने समाधानाने डोळे मिटले, भांड्यातलं पाणी ताटाभोवती फिरवलं आणि हात जोडले. “पुष्पावतीअक्का, पोटभर जेवलात न्हवं? आता आमाला मोकळं करा.”